उंबराची अनामत

फार फार पूर्वी, जेव्हा रानातली झाडं कुणी मोजायला घेतली नव्हती आणि पशुपक्ष्यांना एकमेकांचं बोलणं कळत होतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या उतारावर दाट रान होतं. त्या रानात एक उदमांजर राहत होतं. तोंड मुंगसासारखं, अंग मांजरासारखं, आणि शेपूट दोघांनाही लाजवील एवढं लांब. सगळं रान त्याला उदोबा म्हणे. उदोबांच्या आजोबा-पणजोबांनी जुन्या झाडांच्या ढोल्या हेरून ठेवल्या होत्या, आणि त्या सगळ्या वारशानं उदोबांकडे आल्या होत्या. एका ढोलीत ते स्वतः झोपत. बाकीच्या ढोल्या बिऱ्हाडकरूंना देत.

आता तुम्ही विचाराल, रानात भाडं कसलं? भाडं नव्हतंच. पण अनामत होती. त्या रानात प्रत्येक मोठ्या पक्ष्याचं एखादं फळझाड ठरलेलं असे. ढोली घेताना ते झाड मालकाच्या हवाली करायचं. बिऱ्हाड आहे तोवर त्या झाडाला बिऱ्हाडकरूनं चोच लावायची नाही, आणि मालकानंही तोंड लावायचं नाही. ढोली सोडताना मालकानं ती पाहायची. काही मोडतोड झाली असेल तर तेवढ्यापुरत्या फांदीची फळं ठेवून घ्यायची आणि बाकीचं झाड परत करायचं. रीत साधी होती आणि पिढ्यान् पिढ्या नीट चालली होती.

एका वर्षी, पळस फुलायच्या सुमारास, धनेश आणि धनेशीण ढोली शोधत आले. धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. त्याची चोच एवढी मोठी असते की पुढे चोच उडते आहे आणि मागून पक्षी चालला आहे असं वाटावं.

"या, धनेशराव, या वहिनी!" उदोबा म्हणाले. "घर आपलंच समजा."

घर आपलंच समजा म्हणणाऱ्याच्या घरात फार जपून राहावं, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धनेशिणीला अंडं घालायची घाई होती. तिनं ढोलीत डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "चालेल."

"अनामत म्हणून ओढ्याकाठचा माझा उंबर घ्या," धनेश म्हणाला. "बुंध्यापासून लगडतो तो. पण एक सांगतो उदोबा, तो नीट सांभाळा. आमचं पिल्लू बाहेर येईल तेव्हा इकडे आमच्या वाट्याचं दुसरं काही पिकलेलं नसतं. वडाची फळं दरीपलीकडे, ती आणून वाढत्या पिल्लाला पुरत नाहीत, आणि कोवळ्या पंखांना दरी काही ओलांडवत नाही. उंबर आहे तर पिल्लू आहे."

"अहो, डोळ्यांत तेल घालून सांभाळीन!" उदोबा म्हणाले.

धनेशांची बिऱ्हाड मांडायची तऱ्हा मोठी नवलाची. धनेशीण ढोलीत शिरली की धनेश बाहेरून ओल्या मातीचे गोळे आणून देतो, आणि ती आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी राहते. मग आत तिचे पंख गळतात, नवे फुटतात, अंडं उबतं, पिल्लू वाढतं. तोवर तिला बाहेर येता येत नाही आणि त्याला आत जाता येत नाही. आतलं काय ते तिला ठाऊक, बाहेरचं काय ते त्याला. संसार एक, पण अर्धा अर्धा पाहिलेला.

धनेश उजाडल्यापासून मावळेपर्यंत दरीपलीकडून फळं आणत होता. ढोलीच्या कडेला नखं रोवून लटकायचं, फटीतून घास द्यायचा, की पुन्हा दरी. वाटेत ओढ्याकाठचा उंबर लागे. पिकल्या उंबरांचा वास नाकाशी येई. पण अनामत म्हणजे अनामत. मोहच नको म्हणून तो ओढ्यावरून जाताना मान फिरवून उडायचा. उन्हाळा संपेतो तो इतका वाळला की चोच आहे म्हणून धनेश ओळखू येत होता.

शेवटी एके सकाळी आतून ठकठक ऐकू आली. भिंत फुटली. धनेशीण बाहेर आली, आणि तिच्यामागून पिल्लू आलं. डोळे मोठे, पंख तोकडे, भूक दोघांच्या वरताण. पहिल्याच उडीत ते समोरच्या करवंदीच्या जाळीत पडलं आणि तिथूनच ओरडायला लागलं, "आई, खायला!"

"आता उंबर मोकळा करा, उदोबा," धनेश म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"हो हो, अगदी लगेच," उदोबा म्हणाले. "तेवढी ढोली बघतो. मी म्हटलं नसतं हो, पण रीत आहे."

ते चढले. ढोलीभोवती फिरले. आत डोकावले, बाहेर आले, पुन्हा आत डोकावले. आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली.

"दाराला चिखल फासलाय. एक फांदी गेली. कडेची साल पार घासून काढलीय. दुसरी गेली. तळ केवढा खोल केलाय हा! वहिनींनी आत खणती लावली होती की काय? तिसरी. खाली बघा, बिया, विष्ठा, नुसता उकिरडा. चौथी. आणि ढोलीला वास मारतोय, त्याचं काय करायचं?"

"अहो, पण मग उंबराला राहिलं काय?" धनेशिणीनं विचारलं.

"बुंधा राहिला ना," उदोबा म्हणाले. "पण तपासणीचे कष्ट कुणाचे? म्हातारपणी एवढं चढायचं, उतरायचं. बुंधा त्यात गेला."

धनेश असा काही ओरडला की खालच्या ओढ्यातले खेकडे दगडाखाली शिरले. "एकसुद्धा ओरखडा आमचा नाही! आम्ही होतं तसं घर परत दिलंय!" उदोबाही ओरडले. शेजारीपाजारी जमले. इकडे जाळीतून पिल्लाचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "खवल्याआजीला बोलवा."

खवल्याआजी म्हणजे एक म्हातारं खवल्या मांजर. अंगभर खवले आणि तोंडात एकही दात नाही. रानानं न्यायनिवाड्याला तिलाच बसवलं होतं, कारण ती फळ खात नसे आणि ढोलीत राहत नसे. तिचं सगळं चित्त मुंग्यांत आणि वाळवीत. शिवाय ती भारी चौकस. कुठलीही गोष्ट हुंगून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आणि कुणी आवाज चढवला की ती अंगाचं मुटकुळं करून गप्प पडायची. सगळे गप्प झाले की उलगडायची.

उन्हं उतरल्यावर ती आली. दोन्ही बाजू एकदम ओरडायला लागल्या. आजीचं मुटकुळं झालं. बराच वेळ कुणी बोललं नाही, तेव्हा खवल्यांतून एक लांबुडकं नाक बाहेर आलं.

"हं, आता एकेक," ती म्हणाली. "धनेशा, ढोलीचा तळ आधी कसा होता रे?"

"आत्ता आहे तसाच! पहिल्यापासून खोल!" धनेश ठासून म्हणाला.

"आणि पोरी, दाराच्या कडेची साल?"

"ती आधीपासूनच गेलेली होती, आजी," धनेशीण म्हणाली. "आमच्या यांनी काही केलं नाही."

"आणि तळ?"

धनेशीण अडखळली. "तळ... तळ आधी वर होता. मी आत असतानाच खचला. पण मी नाही हो खणला."

"ऐका!" उदोबांनी टाळीच वाजवली. "नवरा म्हणतो आधीपासून खोल, बायको म्हणते आधी वर होता. यांचं यांच्यात जुळेना. खोटारडे आहेत दोघं!"

जमलेल्यांत कुजबुज झाली. धनेशाची मान खाली गेली. आजी मात्र चिडली नाही. तिला नवल वाटलं होतं, आणि नवल वाटलं की तिचं नाक हलायचं.

"धनेशा, तू ढोलीत कधी शिरला होतास?"

"नाही, आजी. आम्ही आत जात नाही."

"मग तळ कसा होता ते तुला कुणी सांगितलं? आणि पोरी, तू दाराची कड बाहेरून कधी पाहिलीस?"

"घाईत होते मी. पाहिली नाही."

"मग न पाहिलेलं का सांगत बसलात?"

धनेश हळूच म्हणाला, "तिच्यावर आळ आला होता, आजी. मी तिच्या बाजूनं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?"

"मीही तेवढ्याचसाठी," धनेशीण म्हणाली.

आजी दोघांकडे वळली. "लेकरांनो, पाठराखण वेगळी आणि साक्ष वेगळी. तुम्ही एकमेकांना वाचवायला गेलात आणि दोघंही खोटे पडलात. आता ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. वावगं असलं तरी सांगा."

मग धनेश म्हणाला, "कडेला साल होती, आजी. ती माझ्या नखांनी गेली. घास देताना मी तिथेच लटकायचो."

"रोज?"

"रोज. दिवसातून किती वेळा ते नाही सांगता यायचं."

धनेशीण पुढे आली. "मीही एक सांगते. उजव्या अंगाला जिवंत लाकडाची एक ढलपी निघालीय. ती मी काढली. बाहेर पडताना पिल्लाचा पाय अडकला होता. मला दम धरवला नाही, मी चोचीनं ओढून तोडली."

"अगं, पण ते कुठे कुणी विचारलं होतं?" धनेश कळवळून म्हणाला. खरंच, ती ढलपी उदोबांच्याही नजरेतून सुटली होती.

"आजींनी सांगा म्हटलं ना," ती म्हणाली.

आजी आता झाडावर चढली. खवल्या मांजर झाडावर चढतं हे पुष्कळांना ठाऊक नव्हतं. सगळे माना वर करून बघायला लागले. तिनं ढोलीत डोकं घातलं, आणि आतून चाटल्याचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

"आजी, काय करताय?" उदोबांनी खालून विचारलं.

"साक्षी तपासतेय," आजी आतून म्हणाली. मग तोंड पुसत बाहेर आली. "वाळवी आहे, बाबा. मुळापासून वर आलीय. बुडखा आतून पोखरलाय, म्हणून तळ खचला. झाड तुझं, उदोबा. कधी बुंध्याशी येऊन बघितलं होतंस का?"

उदोबा शेपूट चाटायला लागले.

आजीनं दाराच्या कडेवरून पंजा फिरवला. "आणि ही कड. उदोबा, तू झोपतोस ती ढोली कुठली रे? दाखव बरं."

ती शेजारच्याच झाडावर होती. आजी तिथेही चढली. त्या ढोलीची कड तर याहून गुळगुळीत झाली होती, अगदी घासून पुसून ठेवल्यासारखी.

"ही कुणी झिजवली?"

"ती... मी जातो येतो ना रोज," उदोबा म्हणाले.

"मग तू राहिलास तर ते जाणं-येणं, आणि हा राहिला तर नुकसान? घर द्यायचं आणि त्यात कुणी वावरायचं नाही, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं म्हणू नये."

मग ती खाली उकिरड्यापाशी गेली आणि नाकानं माती उकरायला लागली. बियांना कोंभ फुटले होते. वडाची, नांद्रुकाची, आणखी कसली कसली इवली रोपं पानं उघडून उभी होती.

"हा उकिरडा उद्या धनेशाला उचलून न्यायला सांगते," आजी म्हणाली.

"नको, नको!" उदोबा घाईनं म्हणाले. "राहू दे. झाडं होतील त्याची."

"मग त्याबद्दलची फांदी सोड. एकाच गोष्टीचा तोटाही घ्यायचा आणि नफाही घ्यायचा, हे कुठलं? राहता राहिला तो वास."

यावर मात्र जमलेले सगळे हसले. उदमांजर ज्या झाडावरून गेलं त्या झाडाला महिनाभर वास येतो, हे रानात सगळ्यांना ठाऊक होतं. उदोबांनी वासाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

"चला तर," आजी म्हणाली. "उंबर बघू आणि परत करून टाकू. पिल्लू भुकेलंय."

"उंबर कशाला बघायचा?" उदोबा एकदम म्हणाले. "उंबरात काय बघायचंय? उंबरासारखा उंबर. अंधारून येतंय, आजी, तुम्ही दमला असाल."

आजीचं नाक पुन्हा हलायला लागलं. "बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही," ती म्हणाली.

सगळे ओढ्याकाठी गेले. धनेशिणीनं पिल्लाला पुढे घातलं होतं. ते दोन उड्या मारी आणि बसे. शेवटी सगळे उंबराशी पोचले.

बुंधा रिकामा होता. जाड फांद्यांवर फळांचे नुसते देठ राहिले होते. खाली चघळलेल्या साली पडल्या होत्या, काही जुन्या, वाळलेल्या, काही आजच्या. एका फांदीवर तेवढी फळं होती, आणि तीही का, तर त्या फांदीवर लाल मुंग्यांनी पानं शिवून घर केलं होतं. तिथे उदोबांचं धाडस झालं नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

धनेश काही ओरडला नाही. "मी मान फिरवून उडत होतो," एवढंच तो म्हणाला. धनेशिणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला रडू आलं.

"आत्ता कळलं," खवल्याआजी म्हणाली. "मी मघापासून विचार करत होते, एवढ्याशा ढोलीत एवढं नुकसान मावलं कसं? रीत अशी आहे की आधी नुकसान बघायचं आणि मग फळं कापायची. तू आधी फळं खाल्लीस, उदोबा, आणि मग तेवढ्याला पुरेल एवढं नुकसान शोधायला निघालास."

उदोबा खाली बघत म्हणाले, "पिकून पडत होती हो. वाया चालली होती. म्हटलं एक चाखून बघू."

"मग?"

"मग रोजचंच झालं."

आजीनं निवाडा दिला. तो लांबलचक नव्हता. "पावसात धुऊन जाणाऱ्या चिखलाबद्दल, कडेच्या झिजेबद्दल, वाळवीनं खचलेल्या तळाबद्दल किंवा तपासणीच्या कष्टांबद्दल काही मिळायचं नाही. ढलपी मात्र खरी निघालीय, आणि ती या पोरीनं आपण होऊन सांगितली. धनेशा, तिथे माती आणून लिंपून दे. लिंपणं तुम्हाला येतंच. आणि उदोबा, तुझ्या दारची जांभूळ पिकायला आलीय. उंबर पुन्हा धरेपर्यंत ती जांभूळ या पिल्लाची. तू तिच्याखालून जायचंस, तोंड वर न करता."

मग ती मुंग्यांच्या फांदीवर चढली आणि घरासकट सगळ्या मुंग्या तिनं चाटूनपुसून खाल्ल्या. फांदी मोकळी झाली. पिल्लू धडपडत, पंख मारत, एकदा घसरत वर पोचलं. पहिलं उंबर त्याच्या चोचीतून निसटून ओढ्यात पडलं. दुसरं त्यानं वर उडवलं आणि बरोबर झेललं. धनेशीण हसली. दिवसभरात पहिल्यांदा पिल्लाचा आवाज बंद झाला होता.

धनेशानं दुसऱ्याच दिवशी ढलपीची जागा लिंपून दिली. इतकी नीट दिली की पाहणाऱ्याला ती सापडायची नाही. पिल्लानं जांभूळ संपवली, पंख बळकट केले, आणि एके दिवशी आईबापांच्या मधोमध उडत दरी ओलांडून गेलं.

पण पुढच्या वर्षी काय झालं ते ऐका. पळस फुलले. पोपट आले, घुबडं आली, दुसऱ्या रानातले धनेश आले. ढोल्या बघत, मान डोलावत, आणि मग विचारत, "ढोली कुणाची?" उत्तर ऐकलं की म्हणत, "बरं, येतो हं," आणि उडून जात. रानात गोष्टींना पंख असतात, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी सगळीकडे पोचली होती.

एका ढोलीत बिऱ्हाड आलं खरं. मधमाश्या आल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि अनामतही दिली नाही. उदोबा तपासणीला म्हणून गेले आणि त्यांनी ढोलीत नाक घातलं. मग मधमाश्यांनीच त्यांची तपासणी केली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ते तडक ओढ्यात जाऊन पडले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड दुप्पट झालं होतं.

त्यानंतर उदोबा रोज संध्याकाळी वाटेवरच्या फांदीवर बसायला लागले. वरून कुणी जाताना दिसलं की हाक मारत, "अहो, अनामत नको, काही नको. नुसते राहायला या!" पंखांचा आवाज जवळ येई आणि पुढे निघून जाई. त्यांच्या सगळ्या ढोल्या शाबूत होत्या, एका दारावर एक ओरखडा नव्हता, आणि आत कुणी नव्हतं.

बोध: दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेला घास जो स्वतः खातो आणि मग देणाऱ्याचेच दोष शोधतो, त्याच्या दारी पुन्हा कुणी विश्वासानं येत नाही.